वाचकांचे प्रश्न : आजाराची मोजणी आणि छेदातली माणसे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या किंवा त्याचे शिक्षण घेणाऱ्या मंडळींना संख्याशास्त्राची गरज भासते, पण ते शिकावे कसे हे उमगत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी या भागांतून आलेली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय बाईंना सादर नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पुढे नर्सिंगची पदवी घेतली आणि यंदा बेळगावात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. बाकीचे विषय जमतात. बायोस्टॅटिस्टिक्सचे, म्हणजे आरोग्यातल्या संख्याशास्त्राचे, पुस्तक उघडले की मात्र पहिल्या दहा पानांतच चिन्हे आणि सूत्रे येतात आणि मन मागे फिरते. बारावीला माझा गणित विषय नव्हता. मी सुरुवात कोठून करावी? (विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : सुरुवात अपूर्णांकापासून करा. प्राथमिक शाळेत शिकलेले अंश आणि छेद एवढे गणित पहिल्या दोन-तीन महिन्यांना पुरते. सार्वजनिक आरोग्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा हा अपूर्णांकच असतो. वर ज्यांना आजार झाला ती माणसे असतात आणि खाली, ज्यांना तो होऊ शकला असता ती सगळी माणसे असतात. पाठ्यपुस्तके चिन्हांपासून सुरू होतात आणि ही माणसे पुढे कधीतरी उदाहरणात भेटतात, म्हणून विषय कोरडा वाटतो. तुम्ही हा क्रम उलटा करा. वर्तमानपत्रात, अहवालात किंवा वर्गात कोणताही दर कानावर पडला की या आकड्याच्या छेदात कोण कोण आहे, हा प्रश्न वहीत लिहून त्याचे उत्तर शोधण्याची सवय लावून घ्या.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न अवघड आहे, आणि म्हणूनच तो येथे चांगला शिकता येतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, पण तिथला रुग्ण बेळगावच्या दवाखान्यात येतो. निपाणीचा रुग्ण कोल्हापूर गाठतो आणि अथणी-कागवाडकडचा मिरजेला जातो. समजा, बेळगाव शहरातील रुग्णालयांत वर्षभरात आलेले एखाद्या आजाराचे रुग्ण कोणी मोजले आणि त्यांना २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याच्या ४७,७९,६६१ या लोकसंख्येने भागले. उत्तर दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत येईल, परंतु ते कशाचे उत्तर आहे हे सांगता येणार नाही. त्यातील चंदगडची माणसे अंशात आहेत पण छेदात नाहीत, आणि अथणीची माणसे छेदात आहेत पण त्यांचे आजार मिरजेच्या वहीत गेलेले आहेत. शिवाय छेद इतका जुना घेतला की तो आजच्या वस्तीपेक्षा लहान पडतो आणि दर फुगतो.

जन्मांच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद तो जिथे घडला त्या ठिकाणी होते. मी शिकत असताना एका गावच्या जन्मनोंदी आणि घरोघरच्या यादीतील बायका यांचा मेळ घालायला बसले होते. दोन दिवस मेळ बसेना, आणि माझ्या बेरजा चुकत आहेत असे वाटून मी त्या पुन्हा पुन्हा करत राहिले. शेवटी अंगणवाडीतल्या एका ताईंनी सांगितले, “या यादीतल्या निम्म्या सुना आत्ता इथे नाहीत, आणि वहीतल्या निम्म्या लेकी आपापल्या सासरच्या आहेत.” बेरजा बरोबर होत्या. अंश एका गावाचा होता आणि छेद दुसऱ्या माणसांचा होता. त्या दिवशी मला दर म्हणजे काय हे जेवढे समजले, तेवढे आधीच्या वर्षभरातील व्याख्यानांतून समजले नव्हते. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात पालांवर राहणाऱ्या कुटुंबांचेही असेच होते. त्यांची मुले आजारी पडतात, पण ती कोणत्याही गावच्या यादीत नसतात.

छेद ओळखता येऊ लागला की दुसरी पायरी म्हणजे काळ. एखाद्या दिवशी गावात एखाद्या आजाराचे जेवढे रुग्ण आहेत तो एक आकडा, आणि वर्षभरात जेवढे नवे रुग्ण झाले तो वेगळा आकडा. पहिल्याला इंग्रजीतील प्रिव्हॅलन्स आणि दुसऱ्याला इन्सिडन्स हे शब्द तुमच्या पुस्तकात आहेत. दोन्ही नेहमी एकाच दिशेने जात नाहीत. एचआयव्हीची औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली आणि बाधित माणसे अधिक वर्षे जगू लागली. अशा वेळी नवे संसर्ग घटत असतानाही बाधितांची एकूण संख्या वाढलेली दिसू शकते. त्या वाढीला अपयश म्हणणे हा त्या औषधांवर आणि ती देणाऱ्यांवर अन्याय होईल.

तिसरी पायरी तुलनेची आहे, आणि तिच्यासाठी मी तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातला एक अभ्यास हाती घ्यायला सांगेन. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, सहायक परिचारिका-प्रसविका जिथे बाळंतपणे करीत होत्या तिथे, मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी झाली. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव या गोळीने टळतो का, हे पाहायचे होते. १,६२० स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, दोन गटांत विभागणी झाली. ८१२ जणींना औषध मिळाले आणि ८०८ जणींना तशाच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळाली. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आपल्या आया-बहिणींच्या बाळंतपणातून जमलेले हे आकडे आहेत, म्हणून ते आपण नीट वाचायला शिकले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता कागद आणि कॅल्क्युलेटर घ्या. कागदावर चार चौकटी आखा : दोन गटांच्या दोन ओळी, आणि रक्तस्राव झालेल्या व न झालेल्या अशांचे दोन रकाने. औषध मिळालेल्या ८१२ पैकी ५२ जणींना ५०० मिलिलिटर किंवा अधिक रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्या ८०८ पैकी ९७ जणींना झाला. ५२ भागिले ८१२ म्हणजे ६.४ टक्के आणि ९७ भागिले ८०८ म्हणजे १२ टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागले की ०.५३ येते, म्हणजे धोका जवळजवळ निम्म्यावर आला. हा सापेक्ष धोका झाला. पहिला दुसऱ्यातून वजा केला की ५.६ येतात, म्हणजे शंभर बाळंतपणांमागे साधारण पाच-सहा जणींचा अतिरक्तस्राव टळला. हा धोक्यातील निव्वळ फरक होय. शंभराला ५.६ ने भागले की १८ येतात. अठरा स्त्रियांना गोळी दिली तर एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा त्याचा अर्थ. एकाच चार चौकटींतून तीन आकडे निघाले आणि तिन्ही खरे आहेत. औषध विकणारा ‘धोका निम्मा’ हाच आकडा सांगेल. तालुक्याला किती गोळ्या मागवायच्या हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र अठराचा आकडा लागतो.

त्या निबंधात ०.५३ च्या शेजारी ०.३९ ते ०.७४ अशा दोन मर्यादा दिलेल्या आहेत. यालाच ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात, मराठीत विश्वास-मर्यादा म्हणू या. अभ्यासात आलेल्या १,६२० जणी हा एक नमुना होता. दुसऱ्या १,६२० जणी आल्या असत्या तर उत्तर थोडे वेगळे आले असते. असाच अभ्यास पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी याच रीतीने मर्यादा काढल्या, तर शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव वेळा त्या मर्यादांच्या आत खरे उत्तर असेल, एवढाच तिचा दावा आहे. आता त्याच अभ्यासातील दुसरा आकडा पाहा. एक लिटर किंवा अधिक, म्हणजे तीव्र रक्तस्राव, औषधाच्या गटात दोघींना आणि दुसऱ्या गटात दहा जणींना झाला. सापेक्ष धोका ०.२० आला, म्हणजे वरकरणी हा परिणाम आधीपेक्षाही मोठा दिसतो. पण मर्यादा ०.०४ ते ०.९१ इतक्या दूर पसरलेल्या आहेत. घटना मोजक्या असल्या की उत्तर कितीही आकर्षक दिसले तरी ते ढिले असते, हे या एका ओळीवरून जसे कळते तसे सूत्र पाठ करून कळत नाही.

या अभ्यासातील मोजमापाची रीतही पाहण्यासारखी आहे. रक्त डोळ्यांच्या अंदाजाने मोजलेले नाही. बाळंतिणीच्या खाली अंथरलेल्या, मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या चादरवजा पिशवीत ते साठवून मोजले. बेळगावातच झालेल्या वेगळ्या अभ्यासात असे दिसले होते की डोळ्यांचा अंदाज त्या पिशवीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो. मापच उणे असेल तर पुढच्या कोणत्याही सूत्राने ते भरून निघत नाही.

सरासरी आणि प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, हे यानंतर घ्या. प्रमाण विचलन हे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप आहे. ते का लागते हे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामावरून चांगले समजते. अन्नाची सरासरी गरज घेऊन तिच्यापेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित ठरवले, तर ज्यांची स्वतःची गरजच सरासरीहून कमी आहे असे निरोगी लोकही त्यात मोजले जातात, असा मुद्दा त्यांनी मांडला. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो होणे योग्यच होते, परंतु सरासरीभोवती पसरलेली माणसे विसरू नका हा त्यातला धडा कायम आहे. संख्याशास्त्र आपल्या भागाला परके नाही, हेही जाता जाता सांगते. वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म १९१९ साली कोल्हापुरात झाला आणि सी. आर. राव यांचा १९२० साली कर्नाटकातील हडगली येथे.

वेळेचे म्हणाल, तर रोज पाऊण तास आणि आठवड्याला एक प्रसिद्ध निबंध, त्यातील फक्त पहिले दोन तक्ते, एवढे सहा महिने करा. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर पाहता येतो, तोही घ्या. तो इंग्रजीत आहे. प्रत्येक पाठानंतर त्याचा आशय चार मराठी वाक्यांत वहीत लिहा. जी गोष्ट आपल्या भाषेत लिहिता येत नाही ती अजून समजलेली नाही, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे.

प्रश्न : बाई, मी निपाणी भागात आशा कार्यकर्ती आहे. गेल्या वर्षी माझ्या गावात अठरा बाळंतपणांपैकी दोन बाळे कमी वजनाची होती, यंदा अठरापैकी चार. बैठकीत सर्वांसमोर सांगण्यात आले की तुमच्या गावचे प्रमाण दुप्पट झाले, तुमचे लक्ष नाही. मी एकही घर चुकवलेले नाही. मला फार वाईट वाटले. यात माझी चूक आहे का? (आशा कार्यकर्ती, निपाणी परिसर)

उत्तर : ताई, तुमच्या आकड्यांवरून तुमची चूक सिद्ध होत नाही, आणि ते बैठकीत कोणीतरी सांगायला हवे होते. गावात काहीही बदललेले नाही, दर वर्षी सरासरीने अठरांत दोन हेच प्रमाण आहे असे धरले, तरी निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी चार किंवा अधिक बाळे कमी वजनाची होण्याची शक्यता सुमारे तेरा टक्के असते, म्हणजे सात-आठ वर्षांत एकदा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली अशी वीस गावे असतील तर दर वर्षी त्यांतल्या दोन-तीन गावांत असे ‘दुप्पट’ घडेल, आणि दर वर्षी ती गावे वेगळी असतील. त्या गावच्या आशांना बोल लावला तर दर वर्षी दोन-तीन निरपराध कार्यकर्त्या दुखावल्या जातील. पुढच्या वर्षी प्रमाण आपोआप खाली आले की बोलण्याचा उपयोग झाला असा समजही पक्का होईल.

एवढ्या लहान संख्यांची टक्केवारी काढूच नये. ‘अठरांत चार’ असेच म्हणावे. गावांची तुलना करायची असेल तर तीन ते पाच वर्षांची बेरीज करावी, किंवा शेजारची गावे एकत्र घ्यावीत. तुम्हाला शक्य झाले तर आधीच्या तीन-चार वर्षांचे आकडे नोंदवहीतून काढून पुढच्या बैठकीला घेऊन जा. दोन वर्षांच्या जोडीपेक्षा पाच वर्षांची ओळ अधिक खरे सांगते.

वजनाबद्दल आणखी एक पाहा. २,५०० ग्रॅमच्या खाली वजन असलेले बाळ कमी वजनाचे धरतात. जिथे काट्यावरचा आकडा ढोबळ करून लिहिण्याची सवय असते तिथे बरोबर अडीच किलोची बाळे नोंदवहीत भरपूर दिसतात. त्यांतली काही २,४६० किंवा २,४८० ग्रॅमची असतात. मागच्या वर्षी साधा काटा होता आणि यंदा अंकांचा काटा आला असेल, किंवा तुम्हीच यंदा अधिक काटेकोर लिहू लागला असाल, तर दोनाचे चार तेवढ्यानेही होऊ शकतात.

हे सर्व टक्केवारीविषयी झाले. त्या चार बाळांपैकी प्रत्येकाकडे मात्र योगायोग म्हणून पाहू नये. आईचे हिमोग्लोबिन किती होते, ती दिवसभर विड्या वळायला बसत होती का, तंबाखूच्या वखारीत काम करत होती का, दोन बाळंतपणांत अंतर किती होते, हे तुम्ही विचारतच असाल. ते प्रत्येकीच्या नावापुढे लिहून ठेवा. पाच वर्षांत अशा वीसेक नोंदी जमल्या तर त्यांतून जे दिसेल ते कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोलाचे असेल.

प्रश्न : आम्हाला मिळालेली प्रश्नावली कन्नड आणि इंग्रजीत आहे. आमच्या गावातील वयस्क बायकांना मराठीच समजते. मी समोर बसून तिथल्या तिथे भाषांतर करून विचारते. वेळ वाचतो. हे चालते का? (क्षेत्रीय सर्वेक्षक, खानापूर तालुका)

उत्तर : चालत नाही, आणि यात तुमच्या भाषाज्ञानाचा प्रश्न नाही. तोंडी भाषांतर सकाळी एक होते आणि दुपारी थकल्यावर दुसरे होते. चार सर्वेक्षकांची चार भाषांतरे झाली तर एकाच स्तंभात चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे जमा होतात. पुढे दोन गावांत फरक दिसला तर तो आजाराचा की शब्दांचा, हे ओळखण्याची काहीच सोय राहत नाही.

एकाने मराठी भाषांतर लेखी करावे. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने त्या मराठीवरून पुन्हा कन्नड किंवा इंग्रजी करावे. दोन्ही शेजारी ठेवून जिथे अर्थ सरकला असेल तिथे शब्द बदलावेत. मग अभ्यासात न येणाऱ्या एखाद्या वाडीतील पंधरा-वीस जणींना विचारून पाहावे. यात आठवडा जातो, पण त्यावाचून पुढचे सहा महिने वाया जाण्याची भीती असते.

शब्द पुस्तकी नकोत. ‘आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?’ असे विचारले तर आपल्याकडच्या कित्येक आजी नाही म्हणतील, आणि त्या खोटे बोलत नसतात. सकाळी मिश्री लावणे हे त्यांच्या लेखी दात घासणे आहे. तंबाखूचे पान, मिश्री, विडी, गुटखा अशी प्रत्येक गोष्ट नाव घेऊन विचारली पाहिजे. ‘ताप आला होता का’ याला नकार देणारी बाई ‘अंगात कसर होती का’ याला होकार देते. ‘श्वेतप्रदर’ कोणाला कळत नाही, ‘अंगावरून पांढरे जाणे’ सर्वांना कळते. हे शब्द गावाकडून शिकून प्रश्नावलीत घालणे हे संख्याशास्त्राचेच काम आहे, कारण उत्तर चुकीच्या चौकटीत गेले की तिथून पुढचे गणित चुकीचेच चालते.

काळ विचारतानाही तारखेचा आग्रह धरू नका. गेल्या तीन महिन्यांत काय झाले याऐवजी बेंदरानंतर, गणपतीच्या आधी, ऊस तुटायला लागल्यापासून, सौंदत्तीच्या यात्रेच्या सुमारास, अशा खुणांनी विचारा आणि त्या खुणांची तारखांसह एक यादी सर्व सर्वेक्षकांकडे सारखीच ठेवा. वयाच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. तुमच्या जुन्या यादीत चाळीस, पंचेचाळीस, पन्नास ही वयेच जास्त आणि एकेचाळीस, त्रेपन्न ही वये अगदी विरळ आढळली, तर वय विचारून नव्हे, अंदाजाने लिहिले गेले आहे असे खुशाल समजा.

प्रश्न : मी वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थी आहे. प्रबंधासाठी प्रजननक्षम वयातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण काढायचे ठरले. शंभर नमुने पुरे होतील असे मला सांगण्यात आले. आता शंभर झाले आहेत. शिक्षणाचा आणि रक्तक्षयाचा संबंध तपासला तर पी-व्हॅल्यू ०.०६ येते. दोन-तीन ‘विचित्र’ केसेस वगळल्या तर ती ०.०४ होते. वगळू का? (पदव्युत्तर विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : डॉक्टर, वगळू नका. त्या दोन-तीन स्त्रियांना वगळण्याचे कारण त्यांचे हिमोग्लोबिन चुकीचे मोजले गेले हे असेल, तर ती चूक आकडा पाहण्याआधीही चूकच होती आणि तिचा पुरावा प्रयोगशाळेच्या वहीत असेल. कारण पी-व्हॅल्यू हे असेल, तर मग तुम्ही उत्तर आधी ठरवून माणसे नंतर निवडत आहात. हे कठोर वाटेल, परंतु उद्या कोणीतरी तुमच्या प्रबंधाच्या आधारे गोळ्या कोणाला द्यायच्या हे ठरवील, म्हणून स्पष्ट लिहिते.

०.०५ या रेषेला निसर्गात कोठेही स्थान नाही, ती सोयीसाठी मानलेली आहे. पी-व्हॅल्यू फक्त एवढेच सांगते की शिक्षण आणि रक्तक्षय यांचा काहीही संबंध नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती होती. तुमच्या बाबतीत ती शंभरांत सहा आहे. संबंध नसण्याची शक्यता सहा टक्के आहे असा तिचा अर्थ होत नाही. ही चूक फार मोठमोठ्या लोकांकडूनही होते. फरक किती आहे आणि त्याच्या विश्वास-मर्यादा काय आहेत हे लिहा, पी-व्हॅल्यू ०.०६ अशी जशीच्या तशी द्या आणि नमुना लहान होता हे कबूल करा. एवढे लिहिलेला प्रबंध प्रामाणिक असतो आणि परीक्षकही त्याला मान देतात असा माझा अनुभव आहे.

शंभरच्या आकड्याकडे वळू. आपल्याकडे वापरात असलेले सूत्र असे आहे : चार गुणिले अपेक्षित टक्केवारी, गुणिले शंभरातून ती वजा करून उरलेली टक्केवारी, आणि या सर्वाला चालवून घेण्याजोग्या चुकीच्या वर्गाने भागायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ५७ टक्के आढळले. ते धरले आणि चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायची म्हटली, तर ४ × ५७ × ४३ ÷ २५, म्हणजे ३९३ स्त्रिया लागतात. प्रतिसाद न देणाऱ्या दहा टक्के धरल्या तर ४३७ जणींकडे जावे लागेल. शंभरच घेतल्या तर तुमचे उत्तर दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांनी हलते, म्हणजे ५७ टक्के आले तरी खरे प्रमाण ४७ असू शकते आणि ६७ ही असू शकते. एवढे ढोबळ उत्तर तर सर्वेक्षणाआधीही सांगता आले असते.

या सूत्रात ‘चूक पाच टक्के’ म्हणजे ५७ मध्ये पाच अधिक-उणे, की ५७ चे पाच टक्के, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. दोन्हींनी निघणारा आकडा फार वेगळा असतो आणि संख्या कमी करण्यासाठी सोयीची व्याख्या शोधण्याचा मोह होतो. तसेच तुम्ही स्त्रिया घरोघरी यादीतून न निवडता पाच-सहा वस्त्या निवडून तिथल्या सर्व घेतल्या असतील, तर एका वस्तीतील बायकांचे अन्न, पाणी आणि काम सारखे असल्यामुळे त्यांची उत्तरेही सारखी येतात, आणि म्हणून नमुना दीडपट-दुप्पट वाढवावा लागतो. ओपीडीत आलेल्या शंभर जणी घेतल्या असतील तर मात्र नमुना कितीही वाढवून उपयोग नाही. आजारी म्हणून आलेल्या बायकांवरून गावातल्या बायकांविषयी बोलता येत नाही. तशा वेळी प्रबंधाच्या शीर्षकातच ‘रुग्णालयात आलेल्या’ हे शब्द घाला.

प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणे होय, प्रयोग कशाने मेला एवढेच तो सांगू शकेल, अशा आशयाचे उद्गार ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी १९३८ मध्ये भारतीय संख्याशास्त्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात काढले होते. तुमचा अभ्यास मेलेला नाही. विद्यापीठाची मुदत आणि नीतिसमितीची परवानगी असेल तर नमुना वाढवण्याविषयी मार्गदर्शकांशी मोकळेपणाने बोला, आणि आधीच्या शंभरांचा निकाल पाहून मग नमुना वाढवला हेही प्रबंधात नोंदवा. जमत नसेल तर आहे ते शंभर पूर्ण खरेपणाने लिहा.

प्रश्न : बाई, हे सर्व शिकायला महागडे सॉफ्टवेअर लागते का? आमच्या शिकवणीत एक प्रत वापरायला देतात, पण ती रीतसर घेतलेली वाटत नाही. (पदवी विद्यार्थी, अथणी)

उत्तर : लागत नाही, आणि ती प्रत वापरू नका. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तयार केलेले ‘एपी इन्फो’ अनेक वर्षे मोफत दिले. ‘ओपनएपी’ हे नमुन्याची संख्या आणि चार चौकटींची गणिते ब्राउझरमध्येच करून देते. ‘आर’ ही प्रणालीही मोफत असून जगभरातील संख्याशास्त्रज्ञ ती वापरतात. शिकायला वेळ लागतो, पण एकदा हाताशी आली की आयुष्यभर पुरते. पहिले काही आठवडे मात्र यांतले काहीच नको. वरच्या पहिल्या उत्तरातील ५२, ८१२, ९७ आणि ८०८ हे चार आकडे घेऊन ६.४, १२, ०.५३ आणि १८ हे आकडे कागदावर स्वतः काढा. मग तेच चार आकडे ओपनएपीत भरा आणि ०.३९ व ०.७४ या मर्यादा येतात का ते पाहा. न आल्यास कोणती संख्या कोणत्या चौकटीत गेली ते तपासा. बहुतेक वेळा अतिरक्तस्राव न झालेल्या ७६० आणि ७११ या संख्या भरायच्या जागी एकूण संख्या भरल्या गेलेल्या असतात.